चौकोनी घरांची अक्षरे आणि आपला माग

कापडाच्या धंद्यात माणूस कितीही मुरलेला असो, एखादी लहानशी वस्तू त्याला नवा धडा देऊन जाते. मला असा धडा दीड इंच रुंदीच्या लेबलाने दिला. तो येथे सांगतो, म्हणजे माझ्या व्यापारी बांधवांचा पैसा आणि वेळ वाचेल.

पुण्याहून एक तरुण गिऱ्हाईक माझ्याकडे आला. लहान मुलांचे तयार कपडे शिवून विकण्याचा त्याचा नवा व्यवसाय. त्याला माझ्याकडून कापड हवे होते आणि कॉलरमागे लावायची विणलेली लेबलेही. त्याने मोबाईलवर आपल्या कंपनीचे आठ अक्षरी इंग्रजी नाव दाखवले. अक्षरे पाहून मला वाटले, छपाईत काही बिघाड झाला असावा. कोठेही गोलाई नाही, सगळे चौकोनी तुकड्यांचे, पायऱ्या पायऱ्यांचे. मी म्हणालो, "ही अक्षरे फुटलेली आहेत." तो हसून म्हणाला, "चाचा, ती तशीच हवी आहेत. जुन्या व्हिडिओ गेमची अक्षरे आहेत ही."

मी ते चित्र तसेच्या तसे लेबल विणणाऱ्याकडे पाठवून दिले. ईद जवळ आली होती, शिलाईवाले खोळंबले होते. पाच हजार लेबले आली तेव्हा अक्षरे दुप्पट उंच झालेली, उंटाच्या मानेसारखी. काही रेघा जाड, काही बारीक. गिऱ्हाइकाने एक लेबल हातात घेतले आणि म्हणाला, "चाचा, हे आमचे नाव नाही." सर्व लेबले रद्द झाली. खर्च मीच सोसला, कारण चूक माझीच होती. कापड विणण्याआधी मी ताणा-बाणा मोजतो, पण अक्षर विणण्याआधी मोजला नव्हता.

नंतर मोहल्ल्यातील एका जुन्या नक्षा काढणाऱ्या कारागिराला लेबल दाखवले. त्यांनी भिंग लावून तार मोजले आणि म्हणाले, "यात नवीन काय आहे? हे तर आपलेच काम आहे." ते असे का म्हणाले, हे समजण्यासाठी आधी ही अक्षरे आली कोठून, ते पाहू.

आठ घरांचे अक्षर

संगणकाच्या पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांचे बनते. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. आलेखाच्या कागदावरचे एक घर म्हणजे एक पिक्सेल समजावे. १९७० च्या दशकात नाणे टाकून खेळायची व्हिडिओ गेमची यंत्रे आली तेव्हा स्मरणशक्तीचे भाग, म्हणजे मेमरी, फार महाग होती. म्हणून प्रत्येक अक्षर आठ घरे रुंद आणि आठ घरे उंच अशा चौकटीत बसवले जाई. एका ओळीतील आठ घरे भरलेली की रिकामी, एवढे नोंदवायला एक बाइट पुरते. आठ ओळींना आठ बाइट. म्हणजे एक संपूर्ण अक्षर फक्त आठ बाइटांत.

अमेरिकेच्या अटारी कंपनीच्या १९७६ च्या खेळांत या घाटाची अक्षरे दिसतात. पुढे जपानच्या नामको कंपनीने तीच पद्धत उचलली आणि १९८० च्या पॅक-मॅन या खेळाबरोबर ती जगभर पोचली.

या वळणातील इंग्रजी 'ए' कसा बनतो, ते विणकराला ओळीगणिक सांगावे तसे सांगतो. पहिल्या ओळीत मधली तीन घरे भरा. दुसऱ्या ओळीत दोन भरा, एक सोडा, दोन भरा. तिसऱ्या आणि चौथ्या ओळीत दोन भरा, तीन सोडा, दोन भरा. पाचवी ओळ सलग सात घरे. सहावी आणि सातवी पुन्हा दोन भरा, तीन सोडा, दोन भरा. आठवी ओळ पूर्ण रिकामी. झाला 'ए', तीस घरांत.

यातल्या दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. अक्षर प्रत्यक्षात सात घरांचे आहे. आठवी ओळ आणि आठवा उभा रकाना रिकामा ठेवलेला आहे, म्हणजे शेजारची अक्षरे एकमेकांना चिकटत नाहीत. दुसरे, उभ्या रेघा दोन घरे जाड आणि आडव्या एकच घर जाड आहेत. त्या काळच्या काचेच्या नळीच्या पडद्यावर एका घराची उभी रेघ फिकी पडत असे, म्हणून ती जाड ठेवली. करणाऱ्यांनी ही अक्षरे गंमत म्हणून काढली नव्हती. पडद्याची अडचण पाहून, तोलूनमापून काढली होती.

आपल्याकडे ही अक्षरे अपरिचित नाहीत. २००० साली आलेल्या नोकिया ३३१० या फोनचा पडदा ८४ घरे रुंद आणि ४८ घरे उंच होता. आठ घरांचे अक्षर धरले तर एका ओळीत दहा अक्षरे आणि अशा सहा ओळी, यापेक्षा जास्त जागाच नव्हती. रेल्वे स्टेशनवरच्या दिव्यांच्या फलकावर गाडीचे नाव सरकत जाते, तेही याच जातीचे लिखाण. तेव्हा ती नाइलाजाची अक्षरे होती. आज पडदे इतके बारीक झाले आहेत की ठिपका डोळ्याला दिसत नाही. तरी ही अक्षरे पुन्हा बाजारात आली आहेत, कारण ते खेळ खेळणारी मुले आता स्वतः आईबाप झाली आहेत आणि त्यांच्या हाती खरेदीची थैली आहे. त्यांच्या मुलांना माइनक्राफ्टसारख्या खेळामुळे चौकोनी जग पुन्हा ओळखीचे झाले आहे.

नाइलाजातून कला

या अक्षरांना प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत दोन महिलांची नावे घ्यावी लागतील. पहिल्या सुझन केअर. १९८४ साली अॅपल कंपनीचा मॅकिंटॉश संगणक आला, त्यातील चित्रचिन्हे आणि शिकागोसह अनेक अक्षरवळणे त्यांनी काढली. चिन्हे काढताना त्यांनी आलेखाच्या वहीत घरे भरली. या कामाची तुलना त्या मोझेकच्या फरशीशी आणि सुईच्या भरतकामाशी करतात. शिकागो वळण इतके टिकले की २००१ मध्ये अॅपलचा पहिला आयपॉड आला, तेव्हा त्याच्या लहान पडद्यावर तेच होते.

दुसऱ्या झुझाना लिच्को. जन्म १९६१ चा, ब्रातिस्लावा शहरातला. लहानपणीच अमेरिकेत आल्या. पती रूडी व्हँडरलान्स यांच्यासह त्या कॅलिफोर्नियात एमिग्रे नावाचे मासिक चालवत. १९८५ मध्ये त्यांनी मॅकिंटॉशवर एम्परर, ओकलंड, एमिग्रे ही वळणे केली. त्या वेळी बहुतेक आरेखनकार म्हणत की या यंत्रावर सुंदर अक्षर होणे नाही. लिच्को यांनी जुन्या शिशाच्या अक्षरांची नक्कल केली नाही. यंत्राला जेवढी घरे आहेत, तेवढ्यातच शोभेल असे अक्षर केले. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने संगणकयुगातील २३ अक्षरवळणे आपल्या संग्रहात घेतली, त्यांत ओकलंड आहे.

माझ्या गिऱ्हाइकाने निवडलेले वळण मात्र वेगळे होते. त्याचे नाव प्रेस स्टार्ट टू पी. कोडी बोइस्क्लेअर यांनी १९८० च्या दशकातील नामकोच्या खेळांतील अक्षरांवरून ते तयार केले. इंटरनेटवर गूगलच्या अक्षरसंग्रहात ते मोफत मिळते. ते शीर्षकाचे वळण आहे, मजकुराचे नव्हे. दुकानाची पाटी, छातीवरचा छाप, सेलचा फलक, लेबल, खोका, ही त्याची ठिकाणे.

मागाशी जुने नाते

आता त्या जुन्या कारागिराच्या शब्दांकडे येऊ. "हे तर आपलेच काम आहे" असे ते म्हणाले, त्यात तथ्य आहे. घर भरायचे की रिकामे सोडायचे, एवढ्या दोन गोष्टींतून नक्षा उभी करणे, हे विणकराचे शेकडो वर्षांचे काम आहे. काश्मीरमध्ये कानी शाली आणि गालिचे 'तालीम'वरून विणतात. तालीम म्हणजे खुणांचे लिखाण. कोणत्या रंगाचे किती तार, हे त्यात ओळीने लिहिलेले असते आणि कारागीर ते वाचत जातो. वर 'ए' अक्षर सांगितले, ते अशाच रीतीने.

फ्रान्सच्या लियाँ शहरात जोसेफ-मारी जकार यांनी १८०४ च्या सुमारास भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारी जोडणी मागावर बसवली. आपण तिला जेकार्ड म्हणतो. भोक असेल तर तार उचलतो, नसेल तर नाही. १८३९ मध्ये जकार यांचे चित्र रेशमात विणले गेले, त्याला सुमारे २४ हजार पुठ्ठे लागले. त्याची एक प्रत इंग्लंडचे चार्ल्स बॅबेज यांच्याकडे होती. हेच बॅबेज संगणकाचे आद्य कल्पक मानले जातात आणि आपल्या गणनयंत्रासाठी त्यांनी पुठ्ठ्यांची युक्ती मागावरूनच घेतली. म्हणजे पिक्सेल मागाकडे आला, असे म्हणण्यापेक्षा तो फिरून आपल्या घरी आला, असे म्हणणे योग्य ठरेल.

गवंड्यांनीही हे काम केले आहे. चौकोनी कुफी लिपीत अक्षराची रेघ आणि मधली रिकामी जागा सारख्याच रुंदीची असते. इराण आणि मध्य आशियातील कारागिरांनी साध्या विटा आणि चकाकी दिलेल्या रंगीत विटा आलटून पालटून बसवून भिंतीवर अशी अक्षरे उभी केली. समरकंदची बीबी खानम मशीद आणि तैमूरची कबर असलेली गूर-ए-अमीर ही इमारत याचे नामांकित नमुने आहेत. एक वीट म्हणजे एक घर.

येथे व्यापाऱ्यांना एक इशारा द्यावासा वाटतो. इंटरनेटवर चौकोनी नक्षा म्हणून फिरणाऱ्या काही चित्रांत कुफी लिपीतील पवित्र शब्द असतात. न वाचणाऱ्याला ती नुसती भूमितीची वेलबुट्टी वाटते. अशी नक्षा चादरीवर, पायपुसण्यावर किंवा पायजम्यावर छापली गेली तर माल तर जाईलच, लोकांची मनेही दुखावतील. १९९७ मध्ये अमेरिकेच्या नाइकी कंपनीला 'एअर' या इंग्रजी शब्दाची ज्वाळेसारखी अक्षरे असलेले बूट बाजारातून परत घ्यावे लागले, कारण ती अक्षरे अरबीतील अल्लाहच्या नावासारखी दिसत होती. म्हणून अनोळखी चौकोनी नक्षा छपाईला देण्याआधी अरबी जाणणाऱ्याला दाखवावी.

हिशेब आधी, ऑर्डर नंतर

माझी लेबले का बिघडली? पडद्यावरचे घर चौरस असते. कापडावरचे घर ताणा आणि बाणा यांच्या गणतीवर ठरते. हिशेबाच्या सोयीसाठी समजा, लेबलात इंचाला ताण्याचे २०० तार आहेत आणि बाण्याचे १०० पिक. एका घराला ४ तार आणि ४ पिक दिले, तर घराची रुंदी इंचाचा पन्नासावा भाग आणि उंची पंचविसावा भाग होते. घर दुप्पट उंच, म्हणून अक्षरही दुप्पट उंच. उपाय सोपा आहे. एका घराला ४ तार आणि २ पिक द्यावेत. मग घर दोन्ही बाजूंनी इंचाचा पन्नासावा भाग होते. आठ अक्षरांच्या नावाला आडवी ६४ घरे लागतात, ती सव्वा इंचापेक्षा किंचित जास्त जागेत मावतात. उंची सुमारे चार मिलिमीटर.

दुसरा दोष रेघांच्या जाडीचा. चित्र लेबलावर बसावे म्हणून ते अडीच पट ओढले गेले होते. अडीच तार कोणी उचलू शकत नाही. मग काही घरांना दोन तार मिळतात, काहींना तीन, आणि अक्षर वेडेवाकडे होते. म्हणून ही अक्षरे नेहमी पूर्ण पटीत वाढवावीत. दुप्पट, तिप्पट, चौपट. दीडपट किंवा अडीचपट कधीही नाही. संगणकावर आठच्या पटीतील आकार घ्यावा: ८, १६, २४, ३२. आणखी एक पथ्य म्हणजे मोबाईलवरून आलेले धुरकट चित्र वापरू नये, मूळ फाइल मागावी.

विणकामाच्या सुया वापरून स्वेटर करणाऱ्यांचा अनुभव उलट आहे. तेथे एक टाका उंचीपेक्षा रुंद असतो, म्हणून चौरस कागदावरची नक्षा स्वेटरवर बसकी होते. त्यांनी कागदावर अक्षर थोडे उंच काढावे.

हाताने क्रॉस-स्टिचचे काम करणाऱ्या आपल्या भगिनींना मात्र हे वळण अगदी सोयीचे आहे. एक घर, एक फुली. चौदा काउंटच्या कापडावर इंचाला चौदा फुल्या बसतात. आठ अक्षरांचे नाव साडेचार इंचांत येते. मुलाच्या नावाची चौकट, उशीचा अभ्रा, शाळेची पिशवी अशा वस्तूंवर त्या घरबसल्या काम करू शकतील. छापलेल्या पुस्तकातून नक्षा विकत घेण्याची गरज नाही. आलेखाची वही आणि पेन्सिल पुरे.

स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांनी कोपऱ्यांकडे लक्ष द्यावे. या अक्षरांचा सगळा डौल कोपऱ्यात आहे. घर फार लहान ठेवले तर शाई कोपऱ्यात पसरते आणि चौकोनाचा ठिपका होतो. आधी त्याच कापडाच्या तुकड्यावर छाप मारून पाहावा. तलम सुती कापडावर जमलेले काम जाड होजियरीवर जमेलच असे नाही.

कोठे वापरू नये

हे वळण शोभेचे आहे, कामाचे सर्वत्र नाही. आठ घरांत 'ओ' आणि शून्य, 'एस' आणि पाच, 'बी' आणि आठ यांत थोड्याच घरांचा फरक उरतो. लेबल धुतल्यावर तेवढा फरकही विरतो. साइज, लॉट नंबर, किंमत आणि कपडा कसा धुवावा याच्या सूचना साध्या, स्वच्छ अक्षरांत द्याव्यात. एका गठ्ठ्यात पाचच्या जागी 'एस' वाचला गेला तर माल चुकीच्या दुकानात जाईल. बिल किंवा माहितीपत्रकाचा लांब मजकूरही यात लावू नये. दोन-तीन शब्द लोक आवडीने पाहतील. दहा ओळी कोणी वाचणार नाही.

आपल्या लिपींचा प्रश्न

मराठी व्यापारी लगेच विचारील, आपल्या दुकानाचे नाव यात होईल का? प्रेस स्टार्ट टू पी या वळणात देवनागरी नाही. देवनागरीला आठ ओळी पुरतही नाहीत. शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षरे. युनिफॉन्ट नावाच्या मोफत अक्षरसंचात देवनागरी सोळा ओळींच्या चौकटीत बसवली आहे. पाटीसाठी वा लेबलासाठी देवनागरी नाव हवे असेल तर सोळा ओळी धरूनच हिशेब करावा. शिरोरेघ आडवी आणि काना उभा असल्याने आपली लिपी चौकोनी घरांत चांगली शोभते, हे मी स्वतः वहीत काढून पाहिले आहे.

उर्दूचे तसे नाही. माझे शिक्षण उर्दू माध्यमातले. नस्तालीक वळणात शब्द उजवीकडून उतरत येतो आणि एकच अक्षर जागेनुसार रूप बदलते. त्याला चौकोनात कोंबले तर त्याचा बाज जातो. उर्दू नाव घरांत बसवायचे असेल तर कुफीचाच आधार घ्यावा.

मोफत म्हणजे बेवारस नव्हे

प्रेस स्टार्ट टू पी हे मुक्त परवान्यावर दिलेले आहे. त्या परवान्यानुसार ते मालावर छापून माल विकता येतो, त्याचे पैसे द्यावे लागत नाहीत. मात्र नुसती अक्षरांची फाइल विकण्याची परवानगी नाही. एमिग्रेसारख्या कंपन्यांची वळणे पैसे देऊन घ्यावी लागतात. आपली नक्षा दुसऱ्याने उचलली तर आपल्याला राग येतो. अक्षर करणाऱ्याची मेहनतही तशीच समजावी. आणि एखाद्या खेळाचे नाव किंवा त्यातील पात्राचे चित्र ही तर वेगळीच मालमत्ता आहे. अक्षर मोफत मिळाले म्हणून पॅक-मॅन छापण्याची मोकळीक मिळत नाही. परदेशी माल पाठवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

माझ्या त्या गिऱ्हाइकाची लेबले दुसऱ्यांदा विणली. या वेळी त्या जुन्या कारागिरांनी आधी नमुन्याचे तार मोजले, मग कागदावर घरे आखली आणि नाव आपल्या हाताने भरले. त्यासाठी त्यांना एक दुपार लागली. गिऱ्हाइकाने लेबल पाहिले, मोबाईलशी ताडून पाहिले आणि काही न बोलता पुढची ऑर्डर लिहून दिली. मी त्या कारागिरांना त्या दुपारचे वेगळे मानधन दिले. एरवी आपण नक्षा काढणाऱ्याला कापडाच्या भावातच धरतो, ही आपल्या बाजाराची जुनी खोड आहे.

आलेखाच्या कागदावर घरे भरणारे हात मोहल्ल्या-मोहल्ल्यांत आता थोडेच उरले आहेत. संगणक आल्यावर आपण समजलो की त्यांचे काम संपले. पण संगणकावर बसणाऱ्या मुलाला ताणा-बाणा माहीत नसतो आणि ताणा-बाणा जाणणाऱ्याला संगणक माहीत नसतो. दोघांना एका बाकावर बसवण्याचे काम व्यापाऱ्याचे आहे. आपल्या मुलाला वा पुतण्याला महिनाभर अशा कारागिराजवळ बसवावे. त्याला घरे मोजता येऊ लागली की पाच हजार लेबले फेकण्याची पाळी तुमच्यावर येणार नाही.